समईजवळची लस

देवीची लस टोचायला मी धाड गावाच्या पलीकडच्या वाडीत पोचलो, तेव्हा तिथल्या कडूबाच्या घरात देवी आल्याच होत्या. त्याला लागून रंगराव पाटलांचं घर, आणि त्या घरात त्यांचा पाळण्यातला मुलगा. पहिल्यांदा त्यालाच टोचायचं ठरलं. लसीच्या काचेच्या नळ्या थर्मासात, बर्फात होत्या. हात लावू नका असं बजावून मी बाकीची पोरं गोळा करायला गावात गेलो.

परत येऊन बघतो तर थर्मास रिकामा. नळ्या देवघरात, हळदीकुंकू लावून, तेवत्या समईला टेकवलेल्या. समोर रंगरावांची आई कौशल्याबाई हात जोडून बसलेल्या.

"देवीले बर्फात काऊन कोंडता, डाक्टर?" त्याच मला विचारू लागल्या. "म्या तिले जागा देली."

नळ्या हाताला गरम लागल्या. उष्णतेनं लस वाया गेली होती. माझं डोकंच फिरलं.

रंगरावांनी मला बाजूला घेतलं. "टोचून टाका ना. लोकायले काय समजते?"

टोचून टाकलं असतं तर गाव निर्धास्त झोपलं असतं आणि रोग घरोघर फिरला असता. मी साफ नाही म्हटलं. तेवढ्यावर थांबायचं, तर नाही. त्या म्हातारीवर ओरडलो, "देवी घरात आली की तुम्ही फोडणीसुद्धा देत नाही ना, तिला धग लागू नये म्हणून? मग समईजवळ कशी ठेवली? मारली तुम्ही तिला!"

कौशल्याबाई पाळण्याकडे बघत राहिल्या.

"मंग ते देवी माह्या नातवावर कोपन काय?"

मी रंगरावांची सायकल घेतली आणि भर उन्हात बुलढाण्याची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी बर्फात नवी लस आणली. आधी नातवाला टोचलं, मग गावाला. टोचल्या जागी फोड उठला तरच लस लागली म्हणायची, तोवर कुणालाच काही सांगता येत नव्हतं.

आठवड्यानं तपासायला गेलो. पोराच्या दंडावर छान टपोरा फोड, बाकी अंग स्वच्छ.

"लागली!" मी म्हणालो. रंगरावांनी पोराला उचलून छातीशी धरलं.

कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. "आता वरनाले फोडणी देऊ का, डाक्टर?"

मला काही उमगेना. रंगरावांनी सांगितलं, "तुमी बोलले तवापासून घरात फोडणी नाही. माय तं गरम घासबी खात नाही."

मी ते बोलणं केव्हाच विसरून गेलो होतो.

"द्या, माय," मी म्हणालो. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना.