पडलेल्यांचं पान

"आणि ह्या ममाईचे डोळे कुठे गेले?"

संचालक ग्लेब रोदिओनोविच पोथीवर इतके वाकले होते, की त्यांच्या टायचं टोक पानाला लागणार होतं. बाईंनी तो टाय दोन बोटांत उचलला आणि त्यांच्याच कोटाच्या खिशात खोचला.

"फोडले," बाई म्हणाल्या.

"कोणी?"

"वाचणाऱ्यांनी. दोनशे वर्षं वाचतायत. ज्याला राग आला त्याने नख चालवलं, कोणी सुई. शत्रूचा सरदार आहे, त्याला काय ओवाळतील?"

"मग भरून काढा की! दोन ठिपके तर द्यायचेत. मॉस्कोतले लोक विचारतील, आंधळा माणूस एवढं सैन्य घेऊन आला कसा?"

"ठिपके मी दिले तर तो माझा ममाई होईल. मला नको असला ममाई."

मी मागे उभी राहून हसू दाबत होते. बाईंचं तोंडभर नाव कपितोलिना साविच्ना, पण सगळं संग्रहालय त्यांना बाईच म्हणायचं. तळघरातल्या आमच्या दुरुस्ती विभागात त्या छत्तीस वर्षं होत्या. बुटकी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, कोपरं झिजलेला निळा डगला. गावात कोणाला विचारलं असतं तर म्हणाला असता, हां, ती पावाच्या रांगेतसुद्धा पुस्तक वाचते ती. एवढीच त्यांची कीर्ती. पण फाटकं पान त्यांच्या हातात गेलं, की ते फाटलं होतं हे कागदालासुद्धा आठवू नये! जे होतं ते राखायचं आणि जे नव्हतं ते घालायचं नाही, एवढाच त्यांचा धर्म. मी छापखान्यातली नोकरी सोडून त्यांच्या हाताखाली आले तेव्हा बत्तीस वर्षांची होते, एका पोरीची आई, आणि मुळात घिसाडघाई करणारी. त्यांनी मला कसं सोसलं ते त्यांनाच ठाऊक.

पोथी डॉन नदीकाठच्या लढाईची, ममाईच्या तातारांशी रशियन झुंजले ती. उत्तरेत पिनेगा नदीवरच्या एका खेड्यात, जुन्या ख्रिस्ती पंथाच्या कोणा शेतकऱ्याने ती हाताने उतरवली होती आणि चित्रंही स्वतःच काढली होती. त्याने लढाई कधी पाहिली नव्हती हे उघड दिसत होतं. घोडे होते ते नांगराचे, गुबगुबीत, गालातल्या गालात हसणारे. भाले म्हणजे गवत उलटायची दाताळी. पण काय हिरवा, काय लाल! मी पहिल्यांदा पान उलटलं तेव्हा अंगावर काटा आला होता. राजपुत्र दिमित्री झाडाखाली बेशुद्ध पडलाय आणि दोन शिपाई त्याला शोधतायत, त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी आहे ना, ती शिकून येत नाही. त्याने आपल्या शेजाऱ्यांचेच चेहरे काढले असणार.

सगळ्यात मोठं चित्र होतं पडलेल्यांचं. लढाई संपली आहे आणि शिपाई ओळीने आडवे, मोळीतल्या सरपणासारखे शेजारी शेजारी. सगळे दाढीवाले, एक सोडून.

त्या खेड्याची एक रीत होती. ह्या लढाईतल्या मेलेल्यांसाठी दिमित्रीचा शनिवार पाळतात. त्या दिवशी पोथी मोठ्याने वाचायची, आणि ज्या घरचा कोणी लढाईत गेला असेल त्या घराने ह्या पानावर एक शिपाई आपला म्हणून निवडायचा आणि त्याच्यापाशी नाव लिहायचं. जपानच्या लढाईपासूनची नावं होती. थडगं दूर कुठे परमुलखात, नाहीतर नाहीच. आपला माणूस इथे, ह्या पानावर निजलाय असं धरायचं.

पोथी दिली स्तेपानिदा आजींनी. गावात आता चार म्हाताऱ्या उरल्या होत्या आणि छप्पर गळत होतं. उन्हाळ्यात बाई स्वतः बोटीने जाऊन पोथी घेऊन आल्या. देताना आजींनी एकच गोष्ट मागितली होती, दरवर्षी दिमित्रीच्या शनिवारी मला ह्या पानाशी बसू द्या. बाई हो म्हणून आल्या.

आणि नेमकं त्याच वर्षी लढाईला सहाशे वर्षं झाली म्हणून मॉस्कोत प्रदर्शन निघालं. पोथी तिकडे जायची होती, पडलेल्यांचं पान उघडून काचेत ठेवायचं होतं, आणि बाई सोबत जायच्या होत्या. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा! त्यांनी नवा झगा शिवायला टाकला होता. मला म्हणाल्या, "बाकी काही नको गं, आपलं काम चांगल्या उजेडात कसं दिसतं ते एकदा बघायचंय."

गाडी सोमवारी निघणार होती. शनिवारी आजी यायच्या होत्या. आणि शुक्रवारी सकाळी मी माती खाल्ली.

पोथीची शिवण उसवून पानं सुटी केलेली होती. बाईंनी मला बजावलं होतं, "नोन्ना, समासातल्या नावांना हात लावायचा नाही. बाकीची काजळी काढ." समासात तेवीस नावं होती. मी ती सांभाळली, अगदी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. पण त्या बिनदाढीच्या शिपायाच्या पायाशी मेण सांडलेलं होतं, त्यावर धुरकट काळं बसलं होतं. मी मेण खरवडलं, रबराचा चुरा टाकला आणि बोटाने गोल गोल फिरवत बसले. काळं निघालं. काय खूश झाले मी! पान उचलून दाखवलं. "बघा बाई, नव्यासारखं!"

बाईंनी पान घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नाकाशी नेला. मग हळूच खाली ठेवला.

"इथे काय होतं?"

"काजळी."

"काजळीखाली?"

मी चुरा पाहिला. रबराच्या चुऱ्यात चकचकीत करडं काहीतरी मिसळलेलं होतं. शिसं. पेन्सिलीचं शिसं. चोविसावं नाव समासात नव्हतंच, चित्राच्या आत लिहिलेलं होतं.

बाईंनी टेबलावरचा दिवा ओढला आणि पानाच्या कडेशी अगदी आडवा धरला. उजेड कागदावरून सरपटत गेला आणि शिपायाच्या पायाशी बारीक बारीक चर दिसायला लागले. अक्षरं! शिसं मी पुसलं होतं, पण पेन्सिल रुतली होती ती जागा कागदात तशीच होती. बाईंनी वाचलं, "फेओक्तिस्त."

"स्तेपानिदा आजींचा भाऊ," त्या म्हणाल्या. "जर्मनांच्या लढाईत गेला, एकोणीस वर्षांचा होता. बेपत्ता म्हणून कागद आला, बस्स. त्यांच्या आईने लिहिलंय हे. त्या पोराचं दुसरं काहीही नाहीये. फोटोसुद्धा नाही."

मला रडू फुटलं. रडता रडता मी म्हटलं, "बाई, तुम्ही लिहा ना. चर आहेतच, त्यांवरूनच पेन्सिल फिरवा. तुमच्या हाताला कोण ओळखणार?"

"मी ओळखेन."

"पण आजींना बरं वाटेल!"

"त्यांच्या आईचं अक्षर म्हणून त्या माझ्या अक्षराला ओठ लावतील, आणि मी बघत उभी राहू? नाक पूस. पानावर पाणी पाडू नकोस."

एवढ्यात संचालक खाली आले. "पान धुवायला टाकलं का? उद्या दाबाखाली गेलं पाहिजे, सोमवारी सपाट हवं."

बाईंनी त्यांना झालेलं सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. "माझ्या हातून एक नाव पुसलं गेलं," असं त्या म्हणाल्या. मी तोंड उघडलं तर टेबलाखालून माझ्या पायावर पाय पडला, चांगला जोरात.

"आता ते चर तेवढे उरलेत. पाण्यात गेलं की कागद फुगेल, दाबाखाली गेलं की बसेल. काही राहणार नाही. हे पान धुवायचं नाही."

"अहो, पण डाग! मेणाचे, बोटांचे! ह्याच पानावर सगळ्यांचे डोळे असणार!"

"डाग राहतील."

"कपितोलिना साविच्ना, हे संग्रहालय आहे, देऊळ नाही. एका पोराच्या दिसतही नसलेल्या नावासाठी देशभरच्या लोकांना तुम्ही मळकं पान दाखवणार?" ते माझ्याकडे वळले. "नोन्ना, तुला येतं ना धुवायला?"

गेले वर्षभर मी दुसरं काय करत होते! "नाही येत," मी म्हटलं. "मी अजून शिकतेय."

संचालक माणूस वाईट नव्हते. वरून त्यांच्याही मागे तगादा होता. ते थोडा वेळ चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. दुसरं पान उघडून ठेवू, नदी ओलांडण्याचं. पण मग सोबत तुम्ही नाही जायचं. नाव पुसलं गेलं असं दप्तरात लिहावं लागेल, आणि ज्याच्या हातून पुसलं त्यालाच पोथीबरोबर पाठवलं तर मला जाब विचारतील."

"लिहिते," बाई म्हणाल्या. आणि तिथेच बसून लिहिलंही, स्वच्छ अक्षरात, स्वतःच्या नावावर. मी हात धरला तर म्हणाल्या, "तुझी नोकरी नवी आहे. माझं काय करणार आहेत ते?" मग चष्मा पुसत बसल्या. फार वेळ पुसला. त्यांच्या त्या नव्या झग्याची आठवण येऊन मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

शनिवारी दहाच्या सुमाराला आजी आल्या. आधी बोट, मग बस, मग चिखलातून पायी. डोक्याला काळा रुमाल, हनुवटीखाली टाचणी, हातात कापडात बांधलेला वाडगा. "मधातले गहू आणलेत," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे मेलेल्यांना काय देतात माहीत नाही. कागद देत असाल."

"बसा, आजी," बाई म्हणाल्या.

"बसते. आधी त्याला बघते. म्हणजे तुम्ही दाखवा, मला कुठे दिसतंय! ह्या वर्षी दोन्ही डोळ्यांवर साय आलीय. तुम्ही माझ्यापुढे उभ्या आहात ते धुकं उभं असल्यासारखं वाटतंय. पण जागा ठाऊक आहे, खालून दुसरी ओळ. आईला सगळे म्हणत होते, हा मधला घे, तगडा आहे. ती म्हणाली, माझ्याला दाढी कुठे फुटली होती?"

मी बाईंकडे पाहिलं. दिसत नाही! आपोआप सुटका झाली होती. पान पुढे ठेवायचं, बोट त्या जागेवर न्यायचं, हे बघा आजी म्हणायचं. म्हातारी समाधानाने परत गेली असती. मी खूण केली. नका सांगू.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आजींच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्या भावाचं नाव आमच्याकडून पुसलं गेलं."

आजींचा जबडा हलला.

"माझ्याकडून," मी म्हटलं. आता पाय मारायला टेबल मध्ये नव्हतं. "बाईंकडून नाही. मी पुसलं. मला काजळी वाटली."

"काजळी," आजी म्हणाल्या. मग आवाज चढला. "गळक्या छपराखाली अडतीस वर्षं सांभाळलं आम्ही! पिंपात घालून सांभाळलं, अंगाखाली घेऊन निजले मी! आणि तुम्ही शिकलेल्या बायका, एका उन्हाळ्यात? आईने जाताना सांगितलं होतं, स्तेशा, त्याला सांभाळ. आता तिला काय तोंड दाखवू?"

त्या वाडगा उचलून निघाल्याच होत्या. बाईंनी अडवलं नाही. फक्त म्हणाल्या, "शिसं गेलंय. अक्षर गेलेलं नाही. कागदात आहे."

"मला दिसत नाही म्हणून सांगितलं ना! काय थट्टा करता?"

"दिसायला नको. बोट द्या."

बाई उठल्या, पान दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि उलटं केलं. चित्राची मागची बाजू कोरी होती; पुढून रुतलेलं तिथे उठून येतं. रंग फुटतात म्हणून त्या शेतकऱ्याने ती सोडली होती. छत्तीस वर्षांत बाईंनी कोणालाही उघड्या बोटाने पानाला शिवू दिलं नव्हतं. मॉस्कोचे प्राध्यापक आले तेव्हा त्यांच्यासुद्धा हातावर चापट मारली होती. आता त्यांनी मला पान धरायला दिलं, आजींचा हात धुतला, पुसून कोरडा केला, मग पान परत आपल्या हातात घेतलं आणि मला म्हणाल्या, "त्यांचं बोट आण. इथे."

मी ते बोट धरून नेलं. राठ, सांध्याशी सुजलेलं, जन्मभर गाई पिळलेलं बोट. ते कागदावर टेकलं. काही नाही. थोडं खाली नेलं. काही नाही.

मग बोट थबकलं. मागे आलं. पुन्हा त्याच जागेवरून गेलं, अगदी हळू.

"गोल आहे," आजी म्हणाल्या. "आणि मधून काठी."

"हो. पहिलं अक्षर."

"आमचा फेओक्तिस्त."

त्या पुढे सरकल्या. अक्षरं मागून उलटी लागत होती, एकेक ओळखायला वेळ लागत होता, आणि एकेक ओळखलं की त्या मान हलवत होत्या. खालच्या अंगणात कोणीतरी गाडीत खोके चढवत होतं, संचालकांचा आवाज येत होता. बाई दोन्ही हातांवर पान तोलून उभ्या होत्या. त्यांचे दंड थरथरायला लागले तरी त्या हलल्या नाहीत.

शेवटच्या अक्षराशी आजींचं बोट थांबलं.

"आई फार दाबून लिहायची," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीचं टोकच मोडायची. तिला सारखी भीती, कोणी पुसलं तर?"

मग ते बोट परत सुरुवातीला गेलं.