रतनबाईचा डंक

मित्रांनो, माझ्याजवळ येताना नाकाला रुमाल लावा. मी मिरची कांडणारा एक जुना डंक आहे. नगरच्या एका कारखान्यात मला ओतीव लोखंडातून घडवलं आणि टेम्पोत घालून या तालुक्याच्या गावी आणलं. रतनबाईच्या नवऱ्याने मला हार घातला, नारळ फोडला. तो वारल्यावर रतनबाईने मला एकटीने सांभाळलं.

माझी कमाई उन्हाळ्याची. चैत्र-वैशाखात घरोघरचं वर्षाचं तिखट आणि काळा मसाला होतो. तेव्हा बायका डबे घेऊन रांगेत बसायच्या, शिंकायच्या, हसायच्या आणि म्हणायच्या, "रतनबाई, तुझ्या डंकाचं तिखट लई झणझणीत!" मला फार अभिमान वाटे. उरलेलं वर्ष मी जवळजवळ रिकामाच असतो.

यंदा फाल्गुनात नगरपालिकेने गटारासाठी आमची गल्ली खणली. खड्डा थेट उंबऱ्याला भिडला. मग ठेकेदार जो गेला तो परत फिरकलाच नाही. रतनबाईने खड्ड्यावर फळी टाकली. त्या फळीवरून एक बाई मिरचीच्या पाटीसकट खाली पडली. त्यानंतर गिऱ्हाईक येईनासं झालं. नगरपालिकेच्या कचेरीत विचारलं की एकच उत्तर मिळे, "काम चालू आहे."

रोज सकाळी रतनबाई मला पुसायची आणि गंजू नये म्हणून थोडा वेळ रिकामाच चालवायची. मित्रांनो, रिकाम्या उखळात मुसळ आपटतं ना, तो आवाज मलाच सोसत नसे. तिलाही नसावा. ती लगेच बटण बंद करून भिंतीकडे तोंड करून बसे. एके दुपारी तिने भंगारवाल्याला बोलावलं. त्याने माझ्या अंगावर हात फिरवून वजनाचा अंदाज घेतला आणि सोमवारी येतो म्हणून गेला.

"आई, एकदा व्यापारी संघाकडं जाऊ," तिची सून निकिता म्हणाली.

"तो मोठ्या दुकानदारांचा हाय. आपलं कोन ऐकतंय?"

पण निकिता गेलीच. दुसऱ्याच दिवशी संघाचे अध्यक्ष काकासाहेब फळीवरून तोल सावरत आले. त्यांचं कापडाचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. त्यांनी गल्ली पाहिली आणि संघाची बैठक माझ्यासमोरच बोलावली. एक दिवस सगळी बाजारपेठ बंद ठेवून कचेरीवर जायचं, असं ते म्हणाले.

भांड्यांचे व्यापारी अंगदशेठ उसळले. "लग्नसराई हाय काकासाहेब! खड्डा आमच्या दारात न्हाई. आमी का दुकानं बंद ठेवायची?"

रतनबाई उठली. ती म्हणाली, "शेठ, सोमवारी ह्यो डंक भंगारात जानार. मग मी काय करू, तेवढं सांगा."

काकासाहेब सगळ्यांकडे वळून म्हणाले, "संघाची पाटी नुसती दिवाळीच्या शुभेच्छांपुरती असंल, तर आजच उतरवू."

बंद झाला. अंगदशेठचं शटर अर्धं उघडं होतं, पण ते स्वतः मोर्चात आले. कचेरीतले साहेब म्हणाले, काम नियमाने होईल. काकासाहेबांनी तिथेच बसकण मारली. "गटार पावसाआधी करा. पण दारादारांत पाइप टाकून मुरूम आजच भरा. त्याबिगर आमी उठत न्हाई."

संध्याकाळी मुरमाचा डंपर गल्लीत आला. सोमवारी भंगारवालाही आला. रतनबाईने त्याला दारातूनच परत पाठवलं.

वैशाख मात्र सरत आला होता. बहुतेकांनी तिखट दुसरीकडून करून घेतलं होतं. थोडी गिऱ्हाइकं आली. मी जीव तोडून कांडलं, पण तेवढ्यावर वर्ष निघणार नव्हतं. रतनबाई आता दुपारी एका खानावळीत पोळ्या लाटायला जाते.

शेजारच्या गोरक्षने तर सायकलदुरुस्तीचं दुकान आधीच मोडलं होतं. तो सुप्याच्या एका कंपनीत पहारेकरी झाला. काकासाहेब त्याच्या दुकानाच्या कुलुपापाशी थांबले. "आपन फाल्गुनातच यायला पायजे हुतं," ते रतनबाईला म्हणाले. "तुमी सांगितलं न्हाई, आमी इचारलं न्हाई."

मित्रांनो, माझ्यासारख्या लोखंडाला तेलपाणी पुरतं. माणसाची चौकशी करावी लागते. तुमच्या गल्लीतलं एखादं दुकान गप्प गप्प दिसलं, तर पायरी चढून आत जा. शटर पडायच्या आधी जा.