गुरुवारचा पिक्चर

पडद्यावर नायक एका लाचखाऊ फौजदाराला बुकलून काढत होता, तेवढ्यात नुसतंच लोटलेलं दार ढकलून दोन खरे पोलीस दीनानाथांच्या हॉलमध्ये येऊन उभे राहिले. सोफ्यावरच्या दोन म्हाताऱ्यांपैकी कुणाला उठवायचं, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांनी क्लाइव्हला उठवलं, हात मागे घेतले आणि बेड्या घातल्या.

क्लाइव्ह म्हणजे डॉक्टर दीनानाथांच्या जुन्या हॉस्पिटलातला, पेशंटच्या ट्रॉल्या ढकलणारा पोर्टर. तरुणपणी सुट्टीच्या दिवशी दोघे मिळून अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे मारधाडीचे पिक्चर बघायला जायचे. लांब कोट, गल्लीबोळात विकला जाणारा गर्द आणि विकले गेलेले पोलीस. दीनानाथ नायकाच्या रुबाबावर फिदा. क्लाइव्ह भांडायचा, की हा रुबाबवाला आपल्याच पोरांना गर्द विकतो. पण दुसरं काम त्याला देतंय कोण, असंही तोच म्हणायचा. आणि तरी बघायचा, कारण या पिक्चरांत त्याच्यासारखा काळा माणूस शेवटपर्यंत जिवंत राहायचा.

बायको अलकाबाई गेल्यापासून दर गुरुवारी दुपारी हा कार्यक्रम दीनानाथांच्या लंडनमधल्या क्रॉयडनच्या घरी चाले. टीव्हीपुढे बेल ऐकू येत नाही म्हणून दीनानाथांनी क्लाइव्हला किल्लीच देऊन टाकली होती. मुलाला, सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं. उगाच कटकट कशाला?

सून देविका बेसिंगस्टोकला ऑफिसात होती. दारावरच्या नव्या कॅमेऱ्यामुळे तिला फोनवर दिसलं, की लांब कोटातला एक काळा माणूस किल्लीने दार उघडून आत चाललाय. तिने पोलिसांना कळवलं.

दीनानाथ जीव तोडून सांगत होते, हा माझा पन्नास वर्षांचा मित्र आहे. पोलिसाने शांतपणे विचारलं, यांचं पूर्ण नाव? महाराष्ट्र मंडळात आलेल्या नव्या माणसाचं आडनाव, गाव, आजोळ पाच मिनिटांत काढून घेणारे दीनानाथ 'क्लाइव्ह'च्या पुढे जाऊ शकले नाहीत. शेवटी क्लाइव्हनेच आपलं आडनाव सांगितलं, स्पेलिंगसकट.

बेड्या निघाल्या, सॉरी म्हणून झालं. दीनानाथ त्याला कोट चढवायला पुढे झाले, तर क्लाइव्हने तो हातावर घेतला, किल्ली टीव्हीशेजारी ठेवली आणि निघून गेला.

संध्याकाळी देविका रडवेली होऊन आली.

"बाबा, एकदा तरी सांगायचंत ना. मी खरंच घाबरले."

"घाबरलीस, कबूल. पण त्याच्या जागी आपल्यातला कुणी असता, तर आधी मला फोन केला असतास."

ती स्वयंपाकघरात गेली आणि शिरा करायला लागली.

क्लाइव्ह फोन उचलत नव्हता. दीनानाथांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. हा एक माणूस तुटला, तर मुला-सुनेपलीकडे या देशात आपलं म्हणावं असं कुणी उरत नाही, हे त्यांना त्या दिवशी लख्ख कळलं. मुलगा अनिश म्हणाला, चला, समोर जाऊनच माफी मागू. देविकाने डबा भरून दिला.

अनिशने गाडी सुरू केली आणि नकाशात पत्ता टाकायला बोट पुढे केलं.

"बाबा, पोस्टकोड काय त्यांचा?"

पन्नास वर्षांत भेटी व्हायच्या त्या थेटरात, नाहीतर अलीकडे दीनानाथांच्या घरी. हे कधी त्याच्या घरी गेले नव्हते, आणि कुठे राहतोस, असं विचारल्याचंही त्यांना आठवेना. दोन बस बदलून येतो, एवढं तो एकदा म्हणाला होता.

"एरिया तरी?"

दीनानाथांनी मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरला होता. शिरा अजून गरम होता.