दोडक्याचा वेल

दाढ काढून चौथा दिवस. दोन दिवसांत ठणका ओसरेल म्हणाले होते डॉक्टर. शालनचा तर कानापर्यंत चढला होता. त्याहून वाईट म्हणजे सहा महिन्यांची इंदू आता सासूच्या कुशीत निजत होती.

"अंगात कणकण हाय तुज्या. तापाचं दूध बाधतं लेकराला," म्हणून सासूनं, गोजाबाईंनी, शेळीचं दूध सुरू केलेलं. शालनची चोळी भिजायची आणि मनात एकच यायचं: माझं दूध आटवायला बसलीय ही. एकदा आटलं, की लेक हिचीच.

आणि ते मीठपाणी! गोजाबाई कोमट तांब्या पुढं करायच्या, पण आधी पाठ करून कमरेच्या चंचीतली पांढरी चिमूट त्यात टाकायच्या. शालन "व्हय, आत्याबाई" म्हणून परसात जायची, सगळं पाणी कुडाशी ओतायची, आणि माहेरच्या डबीतली मिश्री बोटानं दाढेच्या खड्ड्यात दाबायची. आईनं भाजलेली तंबाखू. ती तरी दगा देणार नाही.

नवरा कामावर, म्हणून चिंचवडला डॉक्टरांकडं सासूच घेऊन आली. बाळ तिच्याच कडेवर.

"मिश्री लावता?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई."

त्यांनी काळा झालेला कापूस तिच्यासमोर धरला. "मग हे काय? खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ते जखमेचं पांघरूण. तुम्ही ते बोटानं उपसलंत. हाड उघडं पडलंय." त्यांनी खड्डा धुऊन लवंगेच्या तेलाची पट्टी बसवली. "घरी चुळा कशाच्या?"

"मीठ, अन् चिमूटभर तुरटी," गोजाबाईंनी चंची उघडून दाखवली.

"नुसतं मीठ पुरे. चुळा हळू भरा."

शालनचा जीव भलतीकडंच. "अन् दूध पाजलं तर?"

"पाजा की! एवढ्या कणकणीनं काही होत नाही."

बाहेर पायरीवर बसून गोजाबाईंनी इंदूला सुनेच्या मांडीवर ठेवलं. "मला ठावं न्हवतं, बाई. घे."

इंदू लुचू लागली. दूध आटलं नव्हतं.

"अन् आता पानी तोंडात घे," गोजाबाई म्हणाल्या. "कुडावरच्या दोडक्यानं माना टाकल्यात. म्हनलं, दाढ हिची काढली, अन् मीठ त्यो का खातोय!"

हसताना शालनचा गाल कळवळला. तिनं पदराआडची डबी काढून सासूच्या हातात दिली.

"खड्डा भरंस्तवर तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, आत्याबाई."