वाचनालयाचा तोकडा रॅम्प

थांबा, ती सायकल माझ्यावर टेकवण्याआधी जरा ऐका. मी या वाचनालयाच्या दाराशी पडलेला रॅम्प बोलतोय. हो, तोच, ज्याला गल्लीतली पोरं घसरगुंडी म्हणतात.

माझ्यावर आजवर सायकली टेकल्या, ओल्या छत्र्या वाळल्या, एका मांजरीने तर आपली सगळी पिल्लं माझ्या अंगावर उन्हाला निजवली. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. पण ज्या एका गोष्टीसाठी मला जन्माला घातलं, ती मात्र एकदाही घडली नाही. बाईंची खुर्ची त्यांच्या स्वतःच्या हातांनी माझ्यावरून वर गेली नाही. उद्या मला फोडणार आहेत, म्हणून आजच सांगून टाकतो.

बाई या वाचनालयाच्या ग्रंथपाल. राहतात समोरच, रस्ता ओलांडला की त्यांचं दार. पायांनी चालत होत्या तेव्हा सकाळी कुलूप त्या काढायच्या आणि संध्याकाळी त्याच लावायच्या. मग आजारपण आलं, पाय गेले आणि चाकांची खुर्ची आली. माझ्याआधी इथे फक्त पायऱ्या होत्या, त्याही चांगल्या उंच. पायऱ्यांना दयामाया नसते. बाई बाहेर राहिल्या, पुस्तकं आत राहिली.

तेव्हापासून एक कारकून संध्याकाळी तासभर दार उघडतो. वाचनालयाच्या कमिटीने बाईंना सांगून पाहिलं, "रोज दोन माणसं पाठवतो, तुम्हाला अलगद उचलून आत ठेवतील."

बाई म्हणाल्या, "मी काय सतरंजी आहे, घडी करून आत ठेवायला? माझ्या हातांनी आत येईन, नाहीतर नाही येणार."

त्या रोज आत येऊन बसल्या तर वाचनालय पुन्हा दिवसभर उघडं राहणार होतं. नाही बसल्या तर ही खोली गोदामाला द्यावी, असं कमिटीच्या मनात घोळत होतं. बाईंना ते ठाऊक होतं, पण त्यांनी आपला हट्ट सोडला नाही.

आता माझ्या जन्माचं. मोठ्या रस्त्यावर एक कंपनी आहे. तिथली माणसं वर्षातून एक दिवस टेबलं सोडून शेजारपाजारच्या लोकांसाठी काहीतरी करायला बाहेर पडतात. हे सगळं बघणाऱ्या एक मॅडम आहेत, ऑफिसात त्यांना 'उपक्रम मॅडम' म्हणतात. मॅडम मनाने वाईट नाहीत, पण त्यांच्याही अडचणी होत्या. सगळ्यांना काम मिळायला हवं, सगळे एका बसमध्ये मावायला हवेत आणि संध्याकाळी बस सुटायच्या आत फोटो काढता येईल असं काहीतरी उभं राहायला हवं. झाडं लावून झाली होती. कोपऱ्यावरच्या शाळेची भिंत इतक्यांदा रंगवली होती, की भिंतीपेक्षा रंगच जाड झाला होता. तेव्हा मॅडमना मी सुचलो.

कमिटीला त्यांनी पत्र लिहिलं, फोन केले. समोरच राहणाऱ्या बाईंना मात्र कुणी विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मोजमापही ऑफिसात बसूनच झालं, पायऱ्यांचा फोटो पाहून. उंटावरून शेळ्या हाकायचाच प्रकार तो.

तरी माझ्या जन्माचा दिवस मोठा मजेचा होता. पिवळे टी-शर्ट घातलेली माणसं, हातात घमेली, फावडी. आयुष्यभर आकड्यांत बुडालेले अकाउंट्समधले एक जाडजूड गृहस्थ होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंनी वाळू, खडी, सिमेंट कालवताना हाताला फोड आणले आणि ते फोड येईल त्याला कौतुकाने दाखवले. एकाच लिफ्टने वर्षानुवर्षं वर-खाली करणारे दोघं जण त्या दिवशी घमेलं पुढे देता देता पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. मी ओला होतो, पण त्यांचं हसणं मला ऐकू येत होतं. ही माणसं खरंच आनंदात होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

घोडं अडलं ते जागेपाशी. माझे पाय जिथवर पसरायला हवे होते, तिथे भाषणांसाठी मांडव घातला होता. त्याखाली कंपनीच्या साहेबांची आणि पाहुण्यांच्या खुर्च्या. मदतीला आणलेल्या गवंड्याने मॅडमना विचारलं, "इथेच संपवायचं?"

"मांडव हलवता येणार नाही हो, साहेब बसलेत," मॅडम म्हणाल्या.

गवंड्यालाही घरी जायची घाई होती. पायरी ते मांडव एवढ्या जागेत त्याने मला कसाबसा बसवला. वर तेवढाच उंच, खाली निम्मासुद्धा लांब नाही. जाता जाता भाऊंनी माझ्या ओल्या अंगावर आपला पंजा उमटवला आणि बस निघून गेली.

नवं सिमेंट फार तहानलेलं असतं. त्याला रोज पाणी लागतं, नाहीतर ते तडकतं. हे काम कुणाच्या वाटणीला आलंच नव्हतं. रस्त्यापलीकडून हाक आली ती बाईंची. "अहो कारकून, त्याच्यावर पाणी मारा आधी, पुस्तकं मग." कारकून बादली आणायचा, बाई दारातून बघत राहायच्या आणि कोपरा कोरडा राहिला तर तोही दाखवायच्या. मला आई कोण असं विचाराल तर मी बाईंचंच नाव घेईन.

मी वाळलो, मग पुन्हा बस आली. फीत कापली. बाईंच्या मांडीवर पुष्पगुच्छ ठेवला आणि पिवळ्या टी-शर्टातल्या चार जणांनी मागून खुर्चीला हात लावला. खुर्ची भर्रकन वर गेली. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. बाईंनी आत जाऊन कपाटावरून हात फिरवला.  मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. चार जणांनी ढकललं म्हणून खुर्ची चढली, हे त्या गर्दीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता रिकामा असताना बाई एकट्या आल्या. केस नीट विंचरलेले, मांडीवर वाचनालयाच्या किल्ल्या. खुर्चीची पुढची छोटी चाकं माझ्यावर चढली. मग मोठी चाकं. बाईंचे हात ताणले गेले, मानेच्या शिरा वर आल्या. खुर्ची थोडी सरकली, थांबली आणि मागे कलंडू लागली. मला हात असते तर मी तिला धरलं असतं. मी तिला खालीच ढकलत होतो, कारण मला तसंच घडवलं होतं.

बाईंच्या भावजयीने धावत येऊन खुर्ची सावरली. "अहो वन्सं, मला हाक मारायची. मी ढकलते की रोज."

"आणि तुमची कंबर धरली की तुम्हाला कोण ढकलणार, वहिनी?" बाईंनी किल्ल्या पदराखाली घेतल्या. "चला घरी."

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसा मी. नाव रॅम्प, आणि चढता कुणालाच येत नाही.

पण बाई यायच्या थांबल्या नाहीत. रोज संध्याकाळी त्या माझ्या पायथ्याशी येत, पुढची दोन चाकं माझ्यावर टेकवत आणि उघड्या दारातून आत बघत बसत. कारकून त्यांना हवं ते पुस्तक आणून द्यायचा. "त्याच्या शेजारचं हो, निळ्या पाठीचं," बाई खालून सांगायच्या. तो बिचारा आणखी एक भलतंच आणायचा. बाई तेच घेऊन जायच्या. त्या चाकांचा भार अंगावर आला की मला वाटायचं, आज चढतील. दार लावायची वेळ झाली की भार उतरायचा आणि मला फार वाईट वाटायचं. माणसांना वाटतं, दगड-सिमेंटाला काय कळतं. वाट बघणं तेवढं आम्हाला कळतं, दुसरं असतंच काय आम्हाला.

एका रविवारी भाऊ आले. बरोबर त्यांची म्हातारी आई होती, आईला आपला पंजा दाखवायला आणलं होतं. "आमच्या ऑफिसात शिरलं की समोर याचाच फोटो लावलाय," ते अभिमानाने सांगत होते. आईने माझ्याकडे एकवार पाहिलं, काठी सावरली आणि कठड्याला धरून शेजारच्या पायऱ्यांनीच वर गेली.

भाऊ हसणार, तेवढ्यात त्यांना बाई दिसल्या. "बाई, तुम्ही खाली कशा? आत नाही जायचं?"

"वर जायला चार माणसं लागतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही आज एकटेच आलात."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आईला घेऊन ते गेले तेव्हा पंजा दाखवायचा राहूनच गेला.

काही दिवसांनी ते उपक्रम मॅडमना घेऊन आले. मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या, "पण बाई, हे काम पूर्ण झालंय. वर कळवलंसुद्धा. यंदा दुसरी जागा ठरली आहे."

"पूर्ण कुणाचं झालं?" बाईंनी विचारलं. मग त्या हातांवर भार देऊन खुर्चीतून सरकल्या, खालच्या पायरीवर बसल्या आणि खुर्ची मॅडमपुढे लोटली. "बसा. आणि जा वर."

मॅडम संकोचल्या, पण बसल्या. त्यांनी जोर लावला. चाक माझ्यावर चढलं, अडलं आणि खुर्ची मागे येऊन थेट भाऊंच्या पोटात बसली. एरवी मला हसू आलं असतं. मॅडमनी खुर्चीतूनच मान वर करून माझा चढ पाहिला. मग त्यांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला कसा हवाय?"

"एवढंच विचारायला केवढा फेरा घेतलात," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी सांगितलं. लांब हवा, इतका लांब की चढ आहे हे हातांना कळू नये. मध्ये वळण आणि दम खायला सपाट जागा. कठडा बसल्या माणसाच्या हाताला येईल असा. "आणि बसभर माणसं नकोत. थोडी या, पण पुन्हा पुन्हा या. रॅम्प झाल्यावरही या, माझ्या शेजारी टेबलावर बसायला माणूस लागेल."

"साहेबांना एका दिवसात दाखवता येईल असं हवं असतं," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मग त्यांनाही एकदा खुर्चीत बसवा."

मॅडमनी खरंच बसवलं म्हणे, ऑफिसच्या तळघरातल्या गाड्यांच्या चढावर. साहेब घामाघूम झाले आणि त्यांनी सही केली, असं भाऊ कारकुनाला सांगत होते. कमिटीनेही गोदामाचा विषय तूर्त बाजूला ठेवलाय.

गेले काही शनिवार चार-पाच जण येताहेत. पिवळे टी-शर्ट नाहीत, मांडव नाही. गवंडी त्यांना दोरी धरायला शिकवतो. बाई खुर्ची फिरवून वळणाची जागा दाखवतात आणि भाऊ तिथे खडूने खूण करतात. ती खूण रस्त्याच्या कडेपर्यंत गेलीय. बघून मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मलाही तेवढे पाय मिळाले असते तर?

माझ्यावर काही चढवून मी लांब होणार नाही, माझा चढच चुकलाय, असं गवंडी म्हणाला. मला फोडायचं आणि माझे तुकडे नव्या रॅम्पच्या पोटात भराव म्हणून घालायचे. भाऊंना त्यांच्या पंज्याचा तुकडा टेबलावर ठेवायला हवा होता. भाऊ, तेवढं करू नका. टेबलावर मी पुन्हा नुसता बघायचाच राहीन. तो पंजाही भरावात जाऊ द्या.

आज संध्याकाळी बाई आल्या. नेहमीसारखी पुढची दोन चाकं त्यांनी माझ्यावर टेकवली. आत न बघता त्या खाली वाकल्या आणि मला हात लावला.

"रागावू नकोस हो," त्या म्हणाल्या. "तुझा काही दोष नव्हता."

बाई, मी रागावलो नाही. तुम्ही पाजलेल्या पाण्याने मी असा पक्का झालोय, की उद्या मला फोडताना या ऑफिसातल्या हातांना पुन्हा फोड येतील. तेवढं त्यांनी सोसावं. आणि घण घालणाऱ्यांनो, हळू हळू घालू नका. मला लवकर खाली जायचंय, वरून बाई जायच्या आहेत.