नवं ब्लेड

सलूनमध्ये खुर्च्या दोन आणि भाऊही दोन. थोरला नुसता हात चालवायचा, धाकटा हाताबरोबर तोंडही चालवायचा, म्हणून गर्दी धाकट्याकडे. मग रक्तातून पसरणारा तो आजार गल्लीत शिरला. आधी एक ड्रायव्हर गेला, मागोमाग त्याची बायको, मग कोपऱ्यावरचा शिंपी. लोक दाढीलासुद्धा घाबरू लागले. दोघा भावांनी जुने वस्तरे खणात टाकले आणि नियम केला, की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ब्लेडचं पाकीट फाडायचं आणि 'नवं आहे, बघून घ्या' म्हणायचं.

सुट्टीच्या दिवशी दोघे एकमेकांची दाढी करत. ब्लेड तेव्हाही नवंच, पण दाखवादाखवी नाही. भावाला काय दाखवायचं?

अशाच एका सुट्टीला, अर्धी दाढी झालेली असताना धाकटा म्हणाला, "दादा, मलाही तोच आजार निघालाय. डॉक्टर म्हणतात, गोळ्या नेमाने घेतल्या तर घाबरायचं कारण नाही."

थोरल्याचा हात जागीच थांबला. "कुणाला कळलं तर दुकान बसेल रे. उद्यापासून येऊ नकोस."

धाकट्याने तोंडावरचा फेस स्वतःच पुसला, आपल्या कात्र्या उचलल्या आणि तशाच अर्ध्या दाढीने निघून गेला.

ते वाक्य किती पटकन तोंडातून गेलं, याचंच थोरल्याला पुढे सगळ्यात वाईट वाटत राहिलं. रोज परक्यांचे गळे हाताखालून जात. कुणाला काय आहे, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. ज्याने विश्वासाने सांगितलं, त्यालाच त्याने दार दाखवलं.

धाकट्याने बाजारापलीकडे दुकान थाटलं. गोळ्या लागू पडल्या, अंग धरलं. आजार त्याने कुणापासून लपवला नाही, तरी बाकावर माणसं ताटकळतात, असं कानावर यायचं. थोरल्याकडे दुसऱ्या खुर्चीवर टॉवेल वाळायचे.

शेवटी एका सकाळी धीर करून तो तिकडे गेला. 'चल, तुझी खुर्ची तशीच आहे,' एवढंच बोलायचं होतं. नंबर आल्यावर तो खुर्चीत बसला.

"ये दादा! वाळलास की. वहिनी जेवायला घालत नाही वाटतं?" म्हणत धाकट्याने गळ्याभोवती कापड बांधलं, फेस लावला. थोरल्याचा जीव भांड्यात पडला. आता बोलावं, म्हणून त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात धाकट्याने एक पाकीट त्याच्या डोळ्यांसमोर धरलं आणि सावकाश फाडलं. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"नवं आहे दादा. बघून घे."

थोरल्याने बघितलं. खुर्चीचं काही न बोलता त्याने गळा पुढे केला.