फरक सांगायचा नाही

आता माझा मोबाईल टिंग करतो, सहा आकडे दाखवतो आणि खाली तंबी देतो : कोणालाही सांगू नका. मला हसू येतं. अहो, १९९१ साली पनवेलला आम्ही असे आकडे हातानं मांडत होतो. आणि कोणाला न सांगण्यात तर माझा हात कोणी धरला नसता.

वडाळे तळ्याजवळ आमच्या बँकेची शाखा होती. परगावचे पैसे तारेनं यायचे. तार काय, कोणीही करेल. म्हणून तारेत एक आकडा असायचा, त्या एका तारेपुरता. पाठवणारी शाखा तो मांडायची आणि आम्ही इकडे पुन्हा मांडून ताडून बघायचो. त्याला दोन माणसं लागत. कमलाकर साहेबांच्या वहीत तारखेचे आणि रकमेचे आकडे, तर माझ्या यादीत प्रत्येक तारेचा वेगळा आकडा, वापरला की लाल पेन्सिलीनं खोडायचा. साहेब आपली बेरीज चिठ्ठीवर लिहून सरकवायचे. मी माझा आकडा मिळवायचे आणि फक्त ‘जुळला’ किंवा ‘नाही’ म्हणायचे.

“कितीनं चुकला ते सांगायचं नाही,” साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “मला विचारायचा हक्क नाही, तुला सांगायचा नाही. फरक सांगितलास की अर्धं कुलूप उघडून दिलंस.”

साहेब ताकही फुंकून पिणारे. वही उघडली की माझ्याकडे पाठ करून बसायचे, आणि आकडा जुळला की स्वतः चहा मागवायचे. फार सुखाचे दिवस होते ते. आपण काहीतरी मोलाचं सांभाळतोय असं रोज वाटायचं. नंतर तसं कधी वाटलं नाही.

जुलैअखेरीस एक मुलगी दार उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसली होती. सुनिता नाव. ओवे गावाच्या वरच्या वाडीतली. आईबाप वीटभट्टीवर, आणि ही वाडीतली पहिली बारावी पास.

“मॅडम, माज्या दादानं राजकोटवरून पैसं धाडलंत,” ती म्हणाली. “आज तीनच्या आत भरायचं हायत. नायतर नर्सिंगची जागा जाईल.”

तिचा भाऊ अंकुश आधी कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करायचा. मुकादमानं त्याला राजकोटच्या कारखान्यात नेलं होतं. फी अडीच हजार. अकराला तार आली : दोन हजार पाचशे एक.

साहेबांनी चिठ्ठी सरकवली. मी आकडा मिळवला आणि पुन्हा एकदा बेरीज केली.

“नाही,” मी म्हटलं.

साहेबांनी आपली बेरीज तपासली. ती बरोबर होती. राजकोटला अर्जंट ट्रंक कॉल लावला. बारा वाजले, एक वाजला, लाइन काही मिळेना. सुनिता बाकावरून हललीही नाही. दोन वाजता साहेब माझ्या टेबलाशी आले.

“चारुता, कितीनं चुकतोय?”

मला वाटलं, माझी परीक्षा बघताहेत. पण त्यांच्या कपाळावर घाम होता.

“साहेब, तुम्हीच सांगितलंय.”

“मीच सांगितलंय. आता मीच विचारतोय. पोरीचं वर्ष जातंय गं.”

गुरूची विद्या गुरूला म्हणतात, ती ही. मी नोकरीत नवी, त्यात हट्टी. “नाही सांगणार,” मी म्हटलं. साहेब जागेवर जाऊन बसले.

पदरचे पैसे द्यायचं सुचलं नाही असं नाही. महिनाअखेर होती, पर्समध्ये साठ रुपये होते.

पावणेतीनला मी सुनिताला सांगितलं की आज पैसे देता येणार नाहीत, तारेची खात्री पटत नाही.

“माज्या भावानं धाडलंत,” ती म्हणाली. “मंग ते खोटं कसं असतील?”

ती उठून गेली.

साडेपाचला राजकोटचा फोन लागला. अंकुशनं अडीच हजारांचा फॉर्म दिला, त्यावर आकडा मांडून झाला. मग तो काउंटरवर परत आला. शुभ कामाचे पैसे, शेवटी शून्य नको, वर एक रुपया घाला म्हणाला. तिथल्या कारकुनानं कौतुकानं फॉर्मवर पाचशेचे पाचशे एक केले, तशीच तार केली. आकडा मात्र जुन्याच रकमेचा राहिला.

साहेबांनी वही काढली, एक रुपयासमोरच्या आकड्यावर बोट ठेवलं. “सतरानं चुकत होता ना?”

मी मान हलवली. मी तेवढं एक ‘सतरा’ म्हटलं असतं, तर त्यांना तेव्हाच सगळं कळलं असतं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी बरोबर होते. आजही कोणी विचारलं तर हेच सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीची तार आली. आकडा जुळला. साहेबांनी चहा मागवला नाही. वाडीवर निरोप पाठवला, तशी सुनिता दुपारी आली. मी नोटा तिच्या हातात दिल्या.

“जागेचं काय झालं?” मी विचारलं.

“दुसरीला दिली.” तिनं नोटा मोजल्या नाहीत. खिडकीशीच उभी राहिली. मग म्हणाली, “मॅडम, ह्ये पैसं परत राजकोटला धाडायचं तर कंचा फारम भरायचा?”

“परत?”

“दादानं उचल घेतलीय. सा महिनं फुकट राबायला लागंल त्याला. आता माजं ऱ्हायलंच, तर तो तरी सुटंल.”

मी फॉर्म दिला. तिनं तो सुवाच्य अक्षरात भरला, कमिशनचे पैसे रुमालाच्या गाठीतून काढून दिले. साहेबांनी वही उघडली. मी माझी यादी काढली, पुढचा आकडा घेतला आणि लाल पेन्सिलीनं खोडला. दहा मिनिटांत तार गेली. राजकोटला ती पहिल्याच फटक्यात जुळली.